कुऱ्हाडीचा धनी

झाड पाडणे हे ताकदीचे काम आहे, असा बाजारपेठेत बसलेल्या माणसाचा समज असतो. ज्यांनी आयुष्यभर झाडे पाडली ती माणसे मात्र तसे म्हणत नाहीत. त्यांच्या लेखी हे काम आधी डोळ्यांचे, मग कानांचे आणि सर्वांत शेवटी हातांचे. हातांत बळ असून डोळा आणि कान कच्चे असतील, तर तो माणूस या धंद्यात फार दिवस टिकत नाही. कधी कधी जिवंतही राहत नाही.

पालघर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, जव्हारहून त्र्यंबकेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोखाडा लागते. डोंगरउताराची जमीन, धो धो पाऊस आणि पावसाळा सरताच कोरडे पडणारे ओढे. पिके भाताची, नागलीची आणि वरईची. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी या जमातींची वस्ती. धान्य घरात आले आणि दिवाळी झाली, की या डोंगरातील कुटुंबे कामासाठी बाहेर पडतात. कोणी भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर, कोणी बांधकामावर, कोणी कोळशाच्या भट्टीवर. आणि ज्यांच्या हाताला कुऱ्हाडीची सवय आहे ते लाकूडतोडीवर. तोडीसाठी आखून दिलेल्या जंगलाच्या तुकड्याला कूप म्हणतात. कुपावर पालापाचोळ्याच्या खोपी उभ्या राहतात आणि संध्याकाळी भाकरी झाली की शेकोटीभोवती माणसे बसतात.

अशा शेकोटीभोवती बहुधा तीन पिढ्या असतात. एक म्हातारा, ज्याने उमेदीची वर्षे कुऱ्हाड आणि करवतीवर काढली. एक मध्यमवयीन, ज्याचा खांदा ओंडके चढवून आणि ट्रकवर फिरून घट्ट झाला. आणि एक तरुण, ज्याच्या उशाशी पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत असते. तिला इकडे सगळे नुसते ‘कटर’ म्हणतात. तिघांच्या गप्पांचे विषय ठरलेले: काम, यंत्र आणि तारपा. या तीन गोष्टी वेगवेगळ्या वाटतात, पण ऐकणाऱ्याला थोड्याच वेळात उमगते की तिघेही एकाच गोष्टीविषयी बोलत आहेत.

म्हाताऱ्याची गोष्ट नेहमी पडलेल्या झाडाची नसते. न पडलेल्या झाडाची असते. झाडाला हात लावण्याआधी त्याच्याभोवती एक फेरी मारायची असते. बुंधा कोणत्या बाजूला कलला आहे, फांद्यांचे ओझे कुठे जास्त आहे, वारा कुठून येतो, हे पाहायचे. शेंड्याला वेली गुंतल्या असतील तर त्या अगोदर तोडायच्या, नाहीतर एक झाड पडताना शेजारचे झाड अंगावर ओढून आणते. ज्या अंगाला पाडायचे त्या अंगाला बुंध्यात खाच घ्यायची. मग उलट बाजूने, खाचेच्या तळापेक्षा किंचित वर, करवत चालवायची. दोन्ही कापांच्या मध्ये लाकडाची एक पट्टी शिल्लक ठेवायची. ती पट्टी म्हणजे दाराची बिजागरी. तिच्यावर झाड दारासारखे वळते आणि सांगितल्या जागी पडते. घाईने ती पट्टीही कापली, तर झाड कोणाचेच ऐकत नाही. ते बुंध्यावर गिरकी घेते आणि माणसाला पळायला जागा राहत नाही. अशा गिरकीची एक तरी गोष्ट प्रत्येक म्हाताऱ्याकडे असते, आणि ती सांगताना त्याचा आवाज खाली येतो.

झाड पडण्याआधी बोलते, हे तो प्रत्येक वेळी सांगतो. शेवटच्या बोटभर लाकडातील तंतू तुटू लागले की बारीक कडकड सुरू होते. सागाची कडकड वेगळी, ऐनाची वेगळी, धावड्याची आणखी वेगळी. त्या आवाजावरून किती क्षण हातात आहेत हे कळते. म्हणून जुन्या कुपावर शेवटच्या घावांच्या वेळी सगळे गप्प होत. ही शांतता भीतीची नव्हे, ऐकण्याची होती.

मग हत्यारांची गोष्ट निघते. कुऱ्हाडीचा दांडा धामणीचा चांगला, कारण ते लाकूड लवचिक असते आणि घावाचा धक्का मनगटापर्यंत पोचू देत नाही. दोघांनी ओढायच्या लांब करवतीचा नियम तर व्यापारातील भागीदारांनीही लिहून ठेवावा असा आहे. ही करवत फक्त ओढायची असते, ढकलायची नसते. आपली ओढ संपली की हात सैल सोडायचा आणि पलीकडच्याला ओढू द्यायचे. एकाने जोर दाखवण्यासाठी ढकलले, की पाते वाकते आणि लाकडात अडकते. म्हणून करवतीची जोडी सहजासहजी मोडत नसे. वर्षानुवर्षे तीच दोन माणसे समोरासमोर बसत, आणि दोघांचा श्वास एका तालावर चाले. एक आजारी पडला तर दुसऱ्याचाही रोज बुडे, तरी तो दुसऱ्या जोडीदाराबरोबर बसायला नाखूश असे.

मध्यमवयीन माणसाच्या गोष्टी रस्त्याच्या असतात. १९५४ साली टाटांनी जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने ट्रक बनवायला सुरुवात केली. त्या गाड्या डोंगरात आल्या आणि बैलगाड्यांचा काळ हळूहळू मागे पडला. बापाने सांगितलेल्या गोष्टी तो आपल्याच असल्यासारख्या सांगतो: तोंडावर तारा असलेली गाडी, तोरंगणचा घाट, पावसाने खचलेला रस्ता आणि चाकामागे लाकडाचा ठोकळा टाकत गाडीबरोबर धावणारा क्लीनर. यंत्र न पाहता नुसत्या आवाजावरून गाडी कोणाची हे ओळखणारी माणसे तेव्हा होती. इंजिनाचा सूर बदलला की ड्रायव्हरच्या आधी मागे ओंडक्यांवर बसलेल्या हमालाला कळत असे. यंत्रालाही कान लावावा लागतो, हे त्याच्या गोष्टीचे सार.

तरुणाची गोष्ट छोटी असते, कारण त्याचे काम लवकर संपते. जर्मनीत आंद्रेआस श्टील या अभियंत्याने १९२६ साली विजेवरची आणि १९२९ साली पेट्रोलवरची साखळी-करवत तयार केली. त्या शोधाला ही टेकाडे गाठायला पुष्कळ वर्षे लागली. पण एकदा तो आला आणि दोन माणसांचे दिवसभराचे काम एका माणसाने थोड्या वेळात उरकायला सुरुवात केली. तरुण यंत्राची तारीफ करतो आणि ती खोटी नाही. कंबर वाचते, खांदा वाचतो. म्हातारा फक्त एवढेच विचारतो, की झाड बोलते ते याला ऐकू येते का? कटरचा आवाज १०० डेसिबलच्या वर असतो. त्यात लाकडाची कडकड बुडून जाते. शिवाय वर्षानुवर्षे तो आवाज उघड्या कानांनी ऐकणाऱ्याचे कानच हळूहळू बधिर होतात. म्हणून म्हाताऱ्याचा एक हट्ट असतो: शेवटच्या कापाआधी यंत्र क्षणभर बंद कर, झाडाचे ऐक, मग पुढे जा. तरुण हसतो, पण शहाणा असेल तर ऐकतो.

पडलेल्या झाडाचे पुढे काय होते, ते आपल्या वाचकांच्या चांगल्या परिचयाचे आहे. ओंडका मोजला जातो. गोल लाकूड मोजण्याची आपल्याकडची जुनी रीत अशी: फितीने घेर घ्यायचा, त्याचा चौथा भाग काढायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. घेर ४ फूट आणि लांबी १० फूट असेल, तर चौथा भाग १ फूट, त्याचा वर्ग १, आणि माप भरले १० घनफूट. शाळेत शिकलेल्या वर्तुळाच्या गणिताने पाहिले, तर त्याच ओंडक्यात सुमारे १२.७ घनफूट लाकूड असते. म्हणजे या रीतीने खऱ्या आकारमानाच्या साधारण ७८.५ टक्केच लाकूड हिशेबात येते. चौरस करताना साल आणि कड वाया जाते म्हणून ही सूट, असे तिचे समर्थन आहे आणि व्यवहारात ते काही अंशी खरेही आहे. परंतु विचार करणाऱ्याच्या मनात एक प्रश्न राहतो. ज्याची मजुरी किंवा ज्याच्या शेतातील झाडाची किंमत या मापावर ठरली, त्याने तोड मात्र पूर्ण ओंडक्याची केली. उरलेल्या अडीच-पावणेतीन घनफुटांचा घाम कोणत्या खात्यात गेला?

हा प्रश्न एका ओंडक्यापुरता नाही. मोखाडा-जव्हारच्या जंगलाचा दीडशे वर्षांचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो. त्या काळी जव्हारवर मुकणे घराण्याचे संस्थान होते, तर मोखाडा ब्रिटिशांच्या ठाणे जिल्ह्यात मोडत होते. १८७८ च्या वन कायद्याने सरकारने जंगलाभोवती रेघ ओढली. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला झाडांच्या फांद्या आणि पाला लागतो. त्याला राब म्हणतात. त्या राबावरही निर्बंध आले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून तक्रारी इतक्या वाढल्या, की १८८५ मध्ये मुंबई सरकारला त्यासाठी आयोग नेमावा लागला. पुढे कुपे लिलावाने ठेकेदारांकडे गेली. ज्याची फांदी तोडायची मनाई होती, त्याच मनुष्याला संपूर्ण झाड तोडायला मजुरीवर बोलावले गेले.

त्याचे नाव तेव्हाही वहीत होते, पण ते केवळ ‘नावे’ बाजूला. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की तो सावकाराकडून खावटी उचलत असे आणि सुगीला दीडपट-दुपटीने फेडत असे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघेही सावकाराच्या घरी राबत. त्यांना ‘लग्नगडी’ असे नाव होते. १९४५ मध्ये डहाणू-तलासरी-उंबरगाव भागातील वारली शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठीविरुद्ध उभे राहिले. गोदावरीबाईंनी तो अनुभव ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिला आणि १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्या घरांतील कपाटांत ते पुस्तक क्वचितच आढळते, आढळायला हवे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, बाळासाहेब खेर मुंबई प्रांताचे प्रमुख असताना, जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या स्थापण्याचे धोरण आले. कूप ठेकेदाराऐवजी तोडणाऱ्यांच्याच सोसायटीला द्यायचे आणि मजुरीबरोबर उरलेल्या नफ्यातही त्यांचा वाटा ठेवायचा, अशी ती कल्पना. हिशेबशास्त्र जाणणाऱ्याला या बदलाचे मोल चटकन कळेल. लाकूडतोड्याचे नाव प्रथमच ‘जमा’ बाजूला आले. सर्व सोसायट्या आदर्श चालल्या असे नाही. तरीही सभासदाने अंगठा उठवण्याआधी रक्कम वाचून दाखवली जावी, हा हक्क त्याला मिळाला. पुढे १९६९ मध्ये आदिवासींच्या शेतातील झाडांच्या विक्रीवर नियमन करणारा कायदा झाला. झाडाचा मोबदला मालकाच्या हातात नीट पडावा, सागाचे झाड चार रुपयांच्या उसनवारीत जाऊ नये, हा त्याचा हेतू. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मंजूर कार्य-आयोजनेशिवायची जंगलतोड थांबली. जंगलाला श्वास मिळाला, हे चांगलेच झाले. पण तोडीवर पोट असलेल्या माणसाला त्याच्या बदल्यात काय मिळाले, याची नोंद कोणी तितक्या काळजीने ठेवली नाही.

शेकोटीभोवतीच्या माणसांना ही कलमे आणि तारखा ठाऊक नसतात. त्यांच्या बोलण्यात हा सारा इतिहास ‘त्या वेळी रोज किती होता’ या एका वाक्यात येऊन जातो. रोजाची गोष्ट संपली की कोणीतरी मोबाइल काढतो आणि त्यावर साठवलेला तारपा लावतो. मग मात्र बैठकीचा रंग बदलतो. मघापर्यंत यंत्रावरून एकमेकांना टोमणे मारणारे तिघे एका आवाजापुढे गप्प होतात.

तारपा हे या डोंगराचे वाद्य. वाळलेला दुधी भोपळा पोखरून, बिया काढून, त्याचा पोकळ हवाकोश करतात. त्याच्या पोटात बांबूच्या दोन नळ्या बसवतात. नळ्यांना बोटांसाठी भोके असतात आणि आत सूर देणारी जिव्हाळी. टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा गुंडाळतात आणि सांधे मेणाने बुजवतात. फुंकर अखंड चालली पाहिजे, म्हणून वाजवणारा नाकाने श्वास आत घेत असतानाच गालांतील हवा बाहेर सोडत राहतो. भात पिकू लागले की तारपा खाली उतरतो आणि वाघबारस-दिवाळीपर्यंत रात्र रात्र वाजतो. वाजवणारा मधोमध चालतो. स्त्री-पुरुष एकमेकांच्या कमरेभोवती हात गुंफून त्याच्याभोवती फेर धरतात. त्याने चाल बदलली की पावले बदलतात. कोणी शिट्टी वाजवून सांगत नाही; ज्याचा कान जागा आहे त्याचे पाऊल चुकत नाही. वारली चित्रांतील माणसांचे ते गोल गोल वेटोळे आपण भिंतींवर, साड्यांवर आणि भेटकार्डांवर पाहतो, ते याच फेराचे चित्र आहे.

मोबाइलमधून आवाज आला की म्हातारा डोळे मिटतो आणि वाजवणारा कोणत्या अंगाचा आहे ते सांगतो. ही चाल जव्हारकडची, ही डहाणूकडची. इथे त्याचा श्वास तुटला. इथे भोपळा नवा वाटतो, अजून मुरलेला नाही. तरुणाला ही पारख थक्क करते. जव्हार तालुक्यातील वाळवंडे गावच्या भिकल्या लाडक्या धिंडा यांना तारपावादनासाठी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, ही बातमी इकडच्या पाड्यांत अभिमानाने सांगितली जाते. दिल्लीला पोचलेला तो सूर कोणत्याही संगीतशाळेत शिकलेला नाही. तो बापाकडून मुलाकडे, कानाकडून कानाकडे आलेला आहे. आणि कोणाच्या घरी आज्याचा तारपा असेल, तर तो आढ्याला, धुरात, उंदरांच्या आवाक्याबाहेर टांगलेला असतो. घरातील भांडी गहाण पडली तरी तो बहुधा जागचा हलत नाही. त्याला बाजारभाव नाही, म्हणूनही असेल.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या माणसाच्या हातून शेकडो झाडे पडली, त्याचे सर्वांत लाडके वाद्य बनवायला एकही झाड पाडावे लागत नाही. भोपळा वेलीवर पिकून वाळलेला. ताडाची पाने झाड उभे ठेवून काढलेली. बांबू बेटातून निवडलेला. बेट पुन्हा फुटते. मेण मात्र मोहळाचे. श्रावकाच्या दृष्टीने त्यात हिंसा आहे आणि ती झाकण्याचे कारण नाही. पण एकूण हिशेब पाहता, जंगलाकडून स्वतःसाठी काय मागायचे हे या माणसाने फार जपून ठरवलेले दिसते. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू, मध आणि मेण ही गौण वनउपज मानून तिच्यावर जंगलवासीयांचा हक्क मान्य केला. तारप्याच्या मालमसाल्यावर कायद्याची मोहोर उमटायला स्वातंत्र्यानंतर साठ वर्षे लागली.

आता आपल्या घराकडे वळू. जांभळाच्या झाडाखालच्या सहा भुकेल्या वाटसरूंचे चित्र प्रत्येक जैन घरातील मुलाने मंदिराच्या भिंतीवर किंवा पाठशाळेच्या पुस्तकात पाहिलेले असते. एक म्हणतो, झाड मुळापासून उपटू. दुसरा म्हणतो, बुंधा तोडू. तिसरा मोठ्या फांद्यांवर थांबतो, चौथा लहान डहाळ्यांवर. पाचव्याला केवळ पिकलेली फळे तोडायची असतात आणि सहावा खाली पडलेली फळे वेचून तृप्त होतो. कृष्ण, नील, कापोत, तेजो, पद्म आणि शुक्ल या सहा लेश्यांचा हा दृष्टांत आचार्य नेमिचंद्रांच्या ‘गोम्मटसारा’तही आलेला आहे. चित्रकार पहिल्याच्या हातात कुऱ्हाड देतात आणि त्याला काळ्या रंगात रंगवतात. त्यामुळे लहानपणापासून डोळ्यांना एक सवय लागते: कुऱ्हाड दिसली की ती धरणाराच पापी, असे वाटू लागते.

परंतु दृष्टांत हातांविषयी नाही. मनातील इच्छेविषयी आहे. सहाही जण भुकेले आहेत आणि सहाही जण स्वतःसाठी बोलत आहेत. त्या चित्रात मजूर नाही. मोखाड्याच्या कुपावर कुऱ्हाड धरणाऱ्याला त्या सागाचे फळ नको होते, लाकूडही नको होते. त्याला संध्याकाळची भाकरी हवी होती. झाड मुळासकट हवे होते ते दूर शहरात, गादीवर बसलेल्या कोणालातरी. दिवाणखान्यात सागवानी कपाट हवे असलेल्या कोणालातरी. चित्र खरे काढायचे तर कुऱ्हाड एकाच्या हातात आणि काळा रंग दुसऱ्याच्या मनावर, असे काढावे लागेल.

आपल्या शास्त्राने या बाबतीत पळवाट ठेवलेली नाही. ‘उपासकदशांग’ सूत्रात आनंद श्रावकाच्या कथेत आणि हेमचंद्राचार्यांच्या ‘योगशास्त्रा’त श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांची यादी आहे. पहिले अंगारकर्म, म्हणजे कोळसा पाडण्यासारखे धंदे. दुसरे वनकर्म, म्हणजे जंगल तोडून उपजीविका. तीच यादी पुढे यंत्रपीडनापर्यंत जाते. तरीही लाकडाच्या व्यापारात अनेक समाजांची कुटुंबे उतरली आणि जैन कुटुंबेही त्याला अपवाद राहिली नाहीत. वखार झाली, सॉ मिल झाली, प्लायवूडचे दुकान झाले. कोणाच्या पोटावर पाय देण्याचा येथे हेतू नाही. त्याच वखारींच्या कमाईतून शाळा, धर्मशाळा आणि दवाखाने उभे राहिले. प्रश्न इतकाच आहे, की वनकर्म ‘ते लोक’ करतात आणि आपण केवळ लाकूड विकतो, अशी जी वाटणी मनाने करून ठेवली आहे, ती टिकते का? कृत, कारित आणि अनुमोदित हे तीन शब्द आपण प्रतिक्रमणात वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. केलेले, करवलेले आणि ज्याला मान डोलावली ते. तिन्ही एकाच पंक्तीत बसतात. करवणाऱ्याला करणाऱ्यापेक्षा हलका दर लावलेला नाही.

हे मान्य केले की काही साध्या गोष्टी आपोआप पुढे येतात. घर किंवा दुकान सजवताना सागाचा घनफुटाचा भाव विचारतो, तसेच ते झाड कोणाच्या जमिनीतले, वाहतूक पास आहे का आणि मालकाला पैसे मिळाले का, हेही विचारता येते. जुने वासे, जुनी दारे यांचे लाकूड पुन्हा वापरता येते. मोडीत निघालेल्या वाड्यातील शंभर वर्षांचा साग नव्यापेक्षा उणा नसतो. ज्यांची सॉ मिल आहे त्यांना आपल्या कामगारांच्या कानांवर झडप आणि डोळ्यांवर चष्मा देण्याचा खर्च एका ओंडक्याच्या किमतीपेक्षा कमी येतो. आणि लग्नसराईत वाजंत्र्यांवर हजारो रुपये खर्च करणाऱ्या कुटुंबाने एखाद्या समारंभाला मोखाड्याचा किंवा जव्हारचा तारपा बोलावला, तर त्याची बिदागी घासाघीस न करता द्यावी. ते दान नव्हे, कलेचे मूल्य आहे. चाली ज्यांना अजून येतात त्यांपैकी पुष्कळ जण आता वयस्क आहेत, आणि ऐकणारे असतील तरच शिकणारे तयार होतील.

कार्तिकाच्या तोंडावर आपल्या पेढ्यांवर चोपडापूजन होते. भगवान महावीरांच्या निर्वाणाचा तो काळ. नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक काढून पहिली नोंद शुभ अक्षरांनी होते. त्याच दिवसांत मोखाड्याच्या पाड्यांवर तारप्याची शेवटची रात्र सरते, वाद्य पुन्हा आढ्याला जाते आणि कुऱ्हाड, करवत किंवा कटर खांद्यावर घेऊन माणसे डोंगर उतरू लागतात. पेढीवर नवी वही उघडते तेव्हा ती वाटेवर असतात. बरेचसे लाकूड, कोळसा आणि विटा पुढच्या आठ महिन्यांत त्यांच्याच हातांतून आपल्या दारापर्यंत येणार असतात. त्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांच्यासाठी एक ओळ मोकळी ठेवायला जागा नक्कीच असते. ती ‘जमा’ बाजूला ठेवावी.